लोणारचा खार आणि सेमाडोहचे पाणी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे हिरवे पाणी गुलाबी झाले, तेव्हा खापर उन्हावरही फुटले. वऱ्हाडातला उन्हाळा पाहता ते साहजिकच होते. पण या सरोवराचा जुना धंदा पाहिला, तर ऊन इथे नुसता दलाल ठरतो. खरा मालक खार. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे ती साबण आणि काच बनवण्याच्या कच्च्या मालासाठी. इंग्रजी अमदानीतही हा खार निघत होता. उन्हाळ्यात पाणी आटून मागे सरले की सोड्याचा थर धरे. मजूर तो गोळा करून वाळवत आणि प्रतीप्रमाणे पापडी, भुस्की अशा नावांनी तो विकला जाई. पाणी चढलेलेच राहिले, तर थर धरणार कुठून? म्हणजे धंद्याचे गणित नुसत्या उन्हावर नव्हते, पाणी किती आटले यावर होते.

तोच हिशेब हिरव्या रंगालाही लागतो. लोणारचा हिरवेपणा मुख्यतः आर्थ्रोस्पायराचा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना म्हणून विकल्या जाणाऱ्या सायनोबॅक्टेरियाचा. प्रकाशसंश्लेषणात प्रकाश टिपण्याच्या पायरीला तापमानाचे फारसे सोयरसुतक नसते. कर्ब बांधणाऱ्या विकरांना मात्र ते असते. थंडीत ती मंदावतात, ऊब वाढली की वेग धरतात आणि मर्यादेपलीकडे बिघडतात. आर्थ्रोस्पायराला मानवते ते पस्तीस अंशांच्या आसपासचे पाणी. तापमानाच्या दृष्टीने वऱ्हाडी उन्हाळा म्हणजे त्याचा सुगीचाच काळ. आणि उष्णतेची कमाल मर्यादा विचाराल, तर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना सायनोबॅक्टेरिया ७३ अंशांपर्यंत आढळले होते. ते वाण वेगळे, हे खरे. पण लोणार त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्येच मांडले होते की प्रकाशसंश्लेषणाचा वेग सर्वांत तोकडा पडणारा घटक ठरवतो. हिवाळ्यात तो घटक तापमान असू शकेल. २०२० च्या उन्हाळ्यात तो खार होता. पाणी खालावले, खारेपणा वाढला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत मिठात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. गुलाबी रंग त्यांच्या रंगद्रव्याचा. यांतले काही प्रकाशातून ऊर्जा घेतात खरे, पण हिरव्या जिवांसारखा कर्ब बांधत नाहीत. त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणणे अतिशयोक्तीच.

यावर कोणी म्हणेल, पाणी आटवले उन्हानेच, मग दोष उन्हाचाच की. आटवले उन्हाने, हे कबूल. पण मेळघाटात सेमाडोहला ऊन काही पाहुणे नसते. खडकही तोच, दख्खनचा काळा बेसाल्ट. तरी तिथल्या डोहांत उन्हाळ्यात पाणी कमी होऊन शेवाळ धरले, तरी सोडा साठत नाही. कारण पावसाळ्यात तिथली सिपना नदी दुथडी वाहते आणि सारे क्षार तापीकडे नेते. लोणारच्या विवराला बाहेर जायची वाट नाही. आत आलेला क्षार आतच राहतो आणि ऊन फक्त पाणी उचलते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: पाऊस पडल्यावर गुलाबी रंग गेला, पण पावसाने खार पातळ होतो तसे पाणीही निवते, मग श्रेय कोणाला? याला उत्तर आधीचे उन्हाळे देतात. तेही कडक होते, तरी सरोवर एरवी हिरवेच राहिले. उष्णताच पुरेशी असती, तर रंग दर वैशाखात पालटला असता.