दूरचा नेम: सातपुड्याचा तीर आणि आट्यांची नळी

नेमबाजीचा विषय निघाला कीं आपल्या मनांत प्रथम अर्जुन उभा राहतो. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसणें, ही आपली नेमाची कल्पना. परंतु नंदुरबारहून उत्तरेस जाऊन तापी ओलांडावी आणि अक्राणी-तोरणमाळच्या डोंगरांत शिरावें, म्हणजे तेथें अर्जुनापेक्षां एकलव्याचें नांव अधिक जिव्हाळ्यानें घेतलें जातें. आणि भिल्लांचा तीर हातांत घेऊन पाहिला, तर नेम हा डोळ्याच्या आधीं हातांत आणि हाताच्याहि आधीं तीरांत असतो, हें ध्यानांत येतें. बांबूचा कामठा, बांबूच्याच चिंबाटीची दोरी, सरळ काडीचा तीर, लोखंडी पातें आणि शेपटाशीं बांधलेलीं पिसें, एवढाच सरंजाम. पण काडी किंचित् वांकली, किंवा पिसें एका अंगास जड झालीं, तर अर्जुनाचा डोळा असूनहि तीर भरकटणार. दहा तीर सारखे झाले पाहिजेत. एक उत्तम आणि नऊ बरे असून भागत नाहीं.

बंदुकीच्या इतिहासांत हीच गोष्ट उमगण्यास युरोपांतील शास्त्रज्ञांना फार काळ लागला. जुन्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी नळीपेक्षां थोडी बारीक, म्हणजे ती गजानें झट्‌दिशीं खालीं उतरावी. त्यामुळें बार होतांच गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्याप्रमाणें तिला वाटेल तशी गिरकी मिळे. शंभर यार्डांपलीकडे एका विवक्षित माणसावर नेम धरणें म्हणजे दैवावर हवाला ठेवणें होतें. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं तोफविद्येवरील आपल्या ग्रंथांत गोळीचा वेग मोजण्याची युक्ति सांगितली: टांगलेल्या लाकडी लोलकांत गोळी मारावी आणि लोलक किती मागें सरला तें पाहावें. पुढें त्यानें असेंहि दाखविलें कीं, नळींत मळसूत्री आटे पाडले तर गोळी स्वतःच्या आंसाभोंवती फिरत बाहेर पडते आणि आपली दिशा सोडीत नाहीं. हा बुद्धिमान् गृहस्थ कंपनीच्या चाकरींत किल्ले बांधावयास हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला. त्याचें म्हणणें मात्र सुमारें शंभर वर्षें बहुतेक सैन्यांनीं बाजूस ठेवलें. कारण अगदीं व्यवहाराचें होतें. आट्यांत घट्ट बसणारी गोळी ठोकून उतरविण्यास वेळ फार लागे.

खानदेश १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हां त्याच प्रांताचा भाग होता. डोंगरांतल्या भिल्लांना फौजेनें वठणीवर आणण्याचे पहिले प्रयत्न फसले, आणि १८२५ सालीं जेम्स औट्रम नांवाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटानें धरणगांव येथें भिल्लांचीच पलटण उभारण्यास घेतली. त्यानें विश्वास मिळविला तो कवाईतीनें नव्हे. तो त्यांच्याबरोबर रानांत राहिला, त्यांच्या सोबतीनें वाघांची शिकार केली. जनावराच्या वाटेवर वारा पाहून बसणें, श्वास आवरणें आणि तें पल्ल्यांत येईपर्यंत न हलणें, यांतलें बरेंचसें भिल्लांना शिकविण्यासारखें औट्रमजवळ नव्हतेंच.

आट्यांच्या नळीची अडचण फ्रान्समध्यें मिनिये यानें १८४९ सालीं सोडविली. त्याची गोळी लांबट आणि बुडाशीं पोकळ होती. ती सहज आंत उतरे, आणि दारूचा भडका होतांच तिचें बूड फुगून आट्यांत रुते. त्याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल निघाली. तिच्या कागदी काडतुसास चरबी माखलेली असे, कारण घट्ट जाणाऱ्या गोळीला वंगण हवें. ज्या काडतुसानें १८५७ चा भडका उडाला, त्याचें मूळ असें नेमाच्या प्रश्नांत आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून चरबीचा उल्लेख हटकून येतो. ती तेथें कां होती, हें क्वचितच सांगितलें जातें.

त्या धामधुमींत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत अंबापाणी येथें भिल्लांची कंपनीच्या फौजेशीं मोठी लढाई झाली. भिल्ल खडकांच्या आडून लढले. कामठा आणि तोड्याची बंदूक यांना हें शहाणपणच शोभतें: पल्ला तोकडा, म्हणून शत्रूला जवळ येऊं द्यावयाचें. तरी शेवटीं त्यांचा मोड झाला. त्या वर्षांत खानदेशांतील भिल्लांचीं बंडें मोडण्याच्या कामीं औट्रमनें उभारलेली भिल्ल पलटणहि वापरली गेली, हें लिहितांना इतिहासकाराची लेखणी अडखळावी.

दूरच्या नेमांतली खरी मेख मात्र इंग्रजांना त्यांच्याच नव्या बंदुकीनें शिकविली. एन्फील्डची गोळी सेकंदाला सुमारें नऊशें फूट जाते असें धरूं, आणि हवेचा अडथळा क्षणभर विसरूं. तीनशें यार्ड म्हणजे नऊशें फूट. तेवढें जाण्यास एक सेकंद लागला. एका सेकंदांत कोणतीहि वस्तु सोळा फूट खालीं पडते, आणि गोळी कांहीं अपवाद नव्हे. सहाशें यार्डांस दोन सेकंद, आणि पडझड दुप्पट नव्हे, चौपट: चौसष्ट फूट! म्हणजे नळी तितकी उंच रोखली पाहिजे. आणि पाचशें यार्डांवरचा माणूस सहाशेंवर आहे असा अंदाज बांधला, तर गोळी त्याच्या डोक्यावरून खुशाल निघून जाणार. म्हणून १८५३ सालीं हाईथ येथें निघालेल्या बंदुकीच्या शाळेंत अंतर ओळखण्याचा वेगळा अभ्यास असे. आणखी एक मौजेचा धडा होता. मेणबत्ती लावून तिच्यापासून तीनएक फुटांवर नळीचें तोंड धरावयाचें, दारू-गोळी न भरतां नुसती टोपी उडवावयाची. नेम बरोबर असेल तर ज्योत विझते. चाप ओढतांना हात हलला, तर ती जळत राहते. दूरच्या नेमाची अर्धी विद्या अशी खोलींत बसून शिकतां येत होती.

उरलेली अर्धी कारखान्यांत होती. जोसेफ व्हिटवर्थ हा कसबी यंत्रकार. इंचाच्या बारीकशा अंशाचा फरकहि त्याला खपत नसे. त्यानें षट्कोनी नळी केली. १८५७ च्या चाचणींत पाचशें यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरीनें सुमारें सत्तावीस इंच फांकल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आंत राहिल्या. १८६० सालीं विम्बल्डन येथें व्हिक्टोरिया राणीनें यंत्रावर बसविलेल्या त्याच्या रायफलीची रेशमी दोरी ओढली, आणि चारशें यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आंत बसली. कौतुक राणीचें झालें. पण नेम त्या यंत्राच्या स्थिर पायाचा आणि नळीच्या एकसारखेपणाचा होता.

नंदुरबारकरांपुढें रायफलीचें नांव काढलें कीं त्यांना यांतलें कांहींच आठवत नाहीं. त्यांना आठवतो ९ सप्टेंबर १९४२. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सवंगडी त्या दिवशीं गांवांतल्या मिरवणुकींत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेथें ना अंतराचा अंदाज लागला, ना वाऱ्याचा.

पुढें हीच विद्या आपल्या मुलांच्या हातीं निराळ्या रूपानें आली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनें २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटर रायफलीच्या निजून मारण्याच्या प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें पॅरिस ऑलिंपिकमध्यें तीन आसनांच्या प्रकारांत कांस्यपदक घेतलें. पन्नास मीटरांवरच्या त्या लक्ष्यांतलें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढें. गुडघ्यावर, निजून आणि उभ्यानें अशा तीन आसनांत प्राथमिक फेरीच्या साठ गोळ्या माराव्या लागतात. उभ्यानें मारतांना बंदूक पूर्ण स्थिर कधींच होत नाहीं. ती संथपणें डुलत असते, आणि माशी त्या नखाएवढ्या वर्तुळावरून जात असतांना, श्वास अर्ध्यावर थांबवून, बोटाला कळूं न देतां चाप ओढावा लागतो. मग पुन्हां तोच दस्ता त्याच खांद्यास, गाल त्याच जागीं, आणि पुढची गोळी.