संपूर्ण हानी (मोटार विमा)

संपूर्ण हानी ही मोटार विम्यातील एक संकल्पना आहे. अपघात, पूर, आग किंवा चोरी यांमुळे वाहन कायमचे हातचे गेले, अथवा त्याच्या दुरुस्तीचा खर्च विमापत्रात ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर वाहन दुरुस्त न करता त्याचे विमित मूल्य रोख स्वरूपात चुकते केले जाते. बोलीभाषेत अशी गाडी ‘टोटल लॉस’मध्ये गेली असे म्हणतात. या लेखात प्रामुख्याने भारतातील खासगी मोटारींच्या दाव्यांचा विचार केला आहे.

संपूर्ण हानीचे दोन प्रकार मानले जातात. वाहन जळून खाक होणे, चोरीस जाऊन न सापडणे किंवा पूर्ण चिरडले जाणे ही प्रत्यक्ष संपूर्ण हानी होय. वाहन दुरुस्त होऊ शकते, पण ते परवडणारे नाही, अशा स्थितीला मानीव संपूर्ण हानी म्हणतात. तंटे बहुतांशी दुसऱ्या प्रकारात उद्भवतात.

विमित घोषित मूल्य

भरपाईचा सारा हिशेब विमित घोषित मूल्य, म्हणजेच ‘आयडीव्ही’ या आकड्यावर उभा असतो. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या ‘इंडियन मोटर टॅरिफ’ने त्याची पद्धत निश्चित केली. विमा सुरू होताना किंवा त्याचे नूतनीकरण होताना त्याच बनावटीच्या नव्या गाडीची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री किंमत घेतली जाते आणि तीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा केला जातो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असे घसाऱ्याचे दर आहेत. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य विमा कंपनी आणि विमाधारक परस्परसंमतीने ठरवतात. १ जानेवारी २००७ पासून विमाहप्त्यांचे दर खुले झाले, तरी विमापत्राची मूळ चौकट बरीचशी हीच राहिली.

नोंदणी शुल्क, रस्ता कर आणि विम्याचा हप्ता या मूल्यात धरलेले नसतात. त्यामुळे नवी कोरी गाडी महिन्याभरात नष्ट झाली, तरी मालकाने मोजलेली सर्व रक्कम परत मिळत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ नावाचे जोडसंरक्षण मिळते. ते सामान्यतः नव्या गाड्यांनाच दिले जाते. याउलट, हप्ता कमी बसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी घोषित मूल्यच खाली आणण्याचा प्रघात आहे. त्यात वाचणारी रक्कम थोडी असते आणि तिचा फटका नेमका संपूर्ण हानीच्या वेळी बसतो.

एकदा ठरलेले मूल्य विमापत्राच्या मुदतीत त्या गाडीचा बाजारभाव म्हणून मानले जाते आणि संपूर्ण हानीच्या दाव्यात त्यातून पुन्हा घसारा वजा करता येत नाही. धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी (२००८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा उचलून धरला. ज्या मूल्यावर हप्ता स्वीकारला, ते मूल्य दावा आल्यावर कंपनीला नाकारता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

७५ टक्क्यांची कसोटी

वाहन अपघातस्थळावरून हलवण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च, विमापत्राच्या अटींच्या अधीन राहून, घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर मानीव संपूर्ण हानी समजली जाते. या वाक्यातील ‘अटींच्या अधीन राहून’ हे शब्द वादाचे मूळ आहेत. आंशिक हानीच्या दाव्यात सुट्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर तो ५० टक्के असतो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार असतो आणि काचेवर मुळीच नसतो. मग ७५ टक्क्यांची तुलना गॅरेजच्या पूर्ण अंदाजपत्रकाशी करायची की घसारा वजा जाता उरणाऱ्या रकमेशी?

उदाहरणार्थ, ६,००,००० रुपये घोषित मूल्याच्या गाडीची मर्यादा ४,५०,००० रुपये होते. गॅरेजचा अंदाज ४,९०,००० रुपयांचा असेल, तर पहिल्या वाचनाने ती संपूर्ण हानी ठरते. घसारा कापून हीच रक्कम ४,२०,००० रुपयांवर आली, तर दुसऱ्या वाचनाने गाडी दुरुस्त करावी लागते आणि फरकाचे ७०,००० रुपये मालकाला भरावे लागतात. शून्य घसारा संरक्षण घेतलेले असल्यास हा फरक बराच कमी होतो.

हानीचे मूल्यांकन परवानाधारक सर्वेक्षक करतो. त्याची तरतूद विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-यूएममध्ये आहे. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला, तरी तो अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या प्रकरणात म्हटले आहे.

अवशेष आणि नोंदणी

विमापत्रानुसार कंपनीचे दायित्व घोषित मूल्यातून अवशेषांची किंमत वजा करून येणाऱ्या रकमेइतके असते. शिवाय अनिवार्य वजावट कापली जाते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी ती १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. अवशेषांसाठी कंपनी भंगार व्यावसायिकांकडून बोली मागवते. वरील उदाहरणातील गाडी लहान इंजिनाची असून सर्वोच्च बोली १,६०,००० रुपयांची आली, तर कंपनी ४,३९,००० रुपये देते आणि उरलेली रक्कम खरेदीदाराकडून मिळायची असते. या खरेदीदाराने ऐनवेळी १,२०,००० रुपयेच देऊ केले, तर ४०,००० रुपयांचा तोटा मालकाच्या माथी येऊ शकतो. म्हणून बोलीची जबाबदारी कोणाची आणि ती किती दिवस वैध आहे, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घेणे इष्ट ठरते.

याहून गंभीर धोका नोंदणी प्रमाणपत्राचा आहे. अवशेष विकले गेले, पण आरटीओच्या दप्तरी नाव तसेच राहिले, तर कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक राहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या प्रकरणात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती. तरीही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली. टोटल लॉस झालेल्या गाडीची कागदपत्रे आणि चेसिस क्रमांक वापरून त्याच बनावटीची चोरीची गाडी खपवण्याचे प्रकारही घडतात. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने ते चौदा दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५५ सांगते. अवशेष दुरुस्तीसाठी विकले जाणार असतील, तर कलम ५० नुसार मालकी हस्तांतरित करावी लागते.

कर्जावरील वाहन

विमापत्रात बँकेची तारण नोंद असल्यास भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. कर्जाची बाकी ६,८०,००० रुपये आणि घोषित मूल्य ६,००,००० रुपये असेल, तर गाडीही जाते आणि सुमारे ८०,००० रुपयांचे देणेही उरते. दावा प्रलंबित असताना हप्ते थांबत नाहीत. ते थकल्यास व्याज वाढते आणि पतनोंदही बिघडते.

पूर आणि चोरी

पूर हा सर्वंकष विमापत्रातील समाविष्ट धोका आहे. केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्याला मात्र यातून काहीही मिळत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्त्यांवरच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण येथेही मोठे पूर आले. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन निकामी झाले, तर ते परिणामजन्य नुकसान ठरवून दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते. बुडालेली गाडी ढकलून वा ओढून नेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

चोरीच्या दाव्यात प्रथम खबरी अहवाल, दोन्ही चाव्या आणि तपास निष्फळ ठरल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात या अहवालाला ‘अ-समरी’ म्हणतात. पोलिसांना तत्काळ खबर दिली असेल, तर कंपनीला कळवण्यास झालेला उशीर एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने गुरशिंदर सिंग प्रकरणात (२०२०) स्पष्ट केले.

दाद मागण्याचे मार्ग

देऊ केलेली रक्कम मान्य नसल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी लागते. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. तिची मुदत दोन वर्षे असून तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात ती दाखल करण्याची मुभा आहे. तथापि, ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीच्या पावतीवर बिनशर्त सही केली असल्यास पुढे दाद मागणे कठीण जाते, कारण ती सही दबावाखाली झाल्याचे तक्रारदारालाच सिद्ध करावे लागते.