गारव्याची खतावणी

थंडी नावाची वस्तू जगात नाही. हे विधान डिसेंबरात महाबळेश्वरला, पहाटे, स्वेटर विसरलेल्या माणसासमोर करू नये. पण ते खरे आहे. जगात असते ती फक्त उष्णता. ती आपल्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वर्ग झाली की आपल्याकडे जी शिल्लक उरते, तिला आपण थंडी म्हणतो. एअर कंडिशनर गारवा तयार करतो अशी आम जनतेची समजूत आहे. तो काहीही तयार करीत नाही. तो कारकून आहे. आतल्या नावे असलेली उष्णता बाहेरच्या नावे टाकायची, एवढेच त्याचे काम. आणि सगळ्या कारकुनांप्रमाणे ते करता करता तो स्वतः तापतो, ती उष्णता वेगळी.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. समोर येणारे गिऱ्हाईक इंजिनाबद्दल अवाक्षर काढीत नाही, पण "एसी आहे ना हो?" एवढे न चुकता विचारते, जणू गाडी मीच घरी बनवून देणार आहे. ह्या रोजच्या प्रश्नामुळे मला मोटारीतल्या एसीच्या इतिहासाचा नाद लागला. आणि नादी माणूस शेवटी सर्वांत अवघड ठिकाणी जाऊन अडकतो, तसा मी जुन्या स्पोर्टस् कारपाशी येऊन अडकलो. माझ्याकडे स्पोर्टस् कार नाही, हे माझे टेबल कळल्यावर वेगळे सांगायला नको. पण क्रिकेटवर लिहिणारे तरी कुठे क्रिकेट खेळतात?

मुळात हे यंत्र माणसासाठी निघालेच नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्यात कागद दमट होऊन फुगे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने हवेतला दमटपणा काढून घेणारी योजना आखली. कागद सुखी झाला. छापखान्यातली माणसे त्यात गार झाली असतील, तर तो निव्वळ वरकड लाभ. आमच्या शाखेतही पहिला एसी मिळाला तो सर्व्हरच्या खोलीला. "मशीनला उष्णता सोसत नाही," असे आम्हांला सांगण्यात आले. आम्ही घाम पुसत माना डोलावल्या.

कागदापासून मोटारीपर्यंत यायला आणखी सदतीस वर्षे गेली. १९३९च्या अखेरीस अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४०च्या गाड्यांसाठी थंड हवेची सोय जाहीर केली. किंमत २७४ डॉलर, गाडीची वेगळी. यंत्राने डिकीची निम्मी जागा खाल्ली. गारवा कमीजास्त करायची सोय नाही. आणि बंद करायची? तीही नाही! कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरत राही. थंडी वाजू लागली तर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे, बोनट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा. मला ह्या गाडीबद्दल फार जिव्हाळा वाटतो. पॅकार्ड बाळगणारा गृहस्थ म्हणजे अमेरिकेतला बडा असामी. तो कोट सांभाळीत, हात काळे करीत, रस्त्याच्या कडेला स्वतःचे ऐश्वर्य उतरवून ठेवीत असला पाहिजे. ही सोय दोन-तीन वर्षांतच गुंडाळली गेली.

ज्यांच्याकडे २७४ डॉलर नव्हते ते खिडकीला एक नळकांडे अडकवीत. त्यात पाणी आणि भिजलेली गवतासारखी जाळी. गाडी धावली की वारा त्यातून गार होऊन आत. म्हणजे आपली वाळ्याची ताटीच, चाकांवर बसवलेली. ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान चाले आणि दमट किनाऱ्यावर नुसता चिकचिकाट करी. नागपूरचा कूलर मुंबईला आणून पाहिलेल्या मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९५३मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स पुन्हा ह्या धंद्यात उतरल्या. १९५४मध्ये नॅश कंपनीने सगळे यंत्र पुढे बोनटखाली बसवून डिकी मोकळी केली, आणि हळूहळू गारवा ही साध्या संसारी गाडीतही मागायची गोष्ट झाली.

स्पोर्टस् कारवाले मात्र तोंड फिरवून बसले होते. त्यांचे म्हणणे असे की, गाडी चालवणे हा व्यायाम आहे आणि तालमीत पंखा मागणारा पैलवान काय कामाचा? शिवाय एसीचे वजन, आणि कंप्रेसर इंजिनाची थोडी शक्ती खातो ती वेगळी. १९६३च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला. त्या वर्षी २१,५१३ गाड्या तयार झाल्या, एसीवाल्या किती? २७८. शेकडा सव्वाच्या जरा वर. पण घाम येणे मर्दानी असले तरी शेजारी बसणाऱ्या व्यक्तीलाही ते मर्दानी वाटेलच असे नाही. ह्या व्यक्तीचे मत इतिहासकार नोंदवीत नाहीत. १९८० साली कॉर्व्हेटमध्ये एसी मागावाच लागेना. तो गाडीसोबतच येऊ लागला. मला वाटते, एवढ्यावरून मत कळायला हरकत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. पोर्शे ९११. जर्मनीच्या स्टुटगार्टची ही गाडी १९६४पासून विकली जाते आहे. स्टुटगार्टला भर उन्हाळ्यातही सरासरी तापमान विशीच्या आसपास. तिथल्या इंजिनिअरला एसीची कळकळ यावी कुठून? पण गाडीचे चाहते निघाले कॅलिफोर्नियात, टेक्ससात आणि ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात. ह्या फिनिक्सने २६ जून १९९० रोजी ५० अंश सेल्सियस पाहिलेले आहे. गिऱ्हाईक तिथले म्हटल्यावर कंपनीला एसी देणे भाग पडले.

आणि द्यायचा तर कुठे? ह्या गाडीचे इंजिन मागे, डिकी पुढे. इंजिनात पाणी नाही. ते हवेनेच थंड व्हायचे, त्यामुळे पुढे रेडिएटर नाही आणि त्याच्यासाठी ठेवलेली ऐसपैस जागाही नाही. मग पुढीलप्रमाणे वाटणी झाली. कंप्रेसर मागे, इंजिनाजवळ. हवा गार करणारी जाळी, म्हणजे इव्हॅपोरेटर, पुढे. आणि गोळा केलेली उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर दोन: एक नाकाखाली, दुसरा थेट मागच्या झाकणाला, इंजिनाच्या डोक्यावर. ह्या सगळ्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुख्य कचेरी एका गावाला, तिजोरी दुसऱ्या गावाला आणि मधे ने-आण करणारा शिपाई. त्यात वाटेत थोडी गळती ही व्हायचीच. तशी ती झाली. रबरातून वायू हळूहळू झिरपत राही, गाडी दारात नुसती उभी असली तरी.

पण मला हसू येते ते झाकणावरच्या कंडेन्सरचे. इंजिनाचा पंखा थंड हवा ओढतो ती त्या कंडेन्सरमधून. म्हणजे माणसांच्या अंगातून काढलेली उष्णता वाटेत गोळा करून ती हवा इंजिनाला गार करायला जाते! एका कर्जदाराचे थकलेले कर्ज दुसऱ्या, आधीच बुडत असलेल्या कर्जदाराच्या नावे वर्ग करून पहिले खाते साफ दाखवायचे, असा हा प्रकार. ऑडिटर हे पहिल्या दिवशी पकडतो. गाडी वेगात असताना चालून जाते. पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन मंद, म्हणून पंखा मंद, म्हणून हवा थोडी, वर कंप्रेसरही मंद, आणि खालून इंजिनाची धग कंडेन्सरला. ज्या क्षणी गारवा सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्याच क्षणी काउंटर बंद.

त्या नळ्यांतून जो झिरपत होता, त्याची हकीकत वेगळीच आहे. जुन्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत; गळती झाली तर जिवाशी गाठ. थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९२८मध्ये त्यांना पर्याय शोधला. हे नवे वायू पुढे फ्रिऑन ह्या नावाने बाजारात आले. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपला वायू छातीत भरून घेतला आणि सोडताना मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेटत नाही. ह्यांतलाच आर-१२ उणे तीस अंशाच्या सुमारास उकळतो, त्यामुळे तो जिथे उकळेल तिथली उष्णता ओढून घेतो. एवढे गुण असलेला दुसरा उमेदवार नव्हता. ह्याच मिजलीने १९२१मध्ये पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती काढली होती. १९४०मध्ये त्याला पोलिओ झाला. बिछान्यातून उठण्यासाठी त्याने दोर आणि कप्प्यांची एक रचना स्वतः तयार केली, आणि १९४४मध्ये त्याच दोरात अडकून त्याचा अंत झाला. इथे विनोद सुचत नाही.

आपल्या वायूने काय केले हे पाहायला तो उरला नाही. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड ह्या दोघांनी लिहिले की, हे वायू खाली कशाशीच भांडत नाहीत म्हणून वर ओझोनच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथे सूर्याच्या किरणांनी फुटून त्याला पोखरतात. आर-१२चा एक रेणू वातावरणात शंभरेक वर्षे टिकतो. आमच्या बँकेत एवढ्या मुदतीची ठेव नाही. १९८५मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचे भगदाड पडल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले, सप्टेंबर १९८७मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला आणि १९९५ संपता संपता प्रगत देशांत आर-१२चे उत्पादन थांबले. आपला देश करारात १९९२ साली आला. त्याने औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून हे उत्पादन ऑगस्ट २००८मध्ये बंद केले, मुदतीच्या सतरा महिने आधी. सरकारी काम, मुदतीच्या आधी! हे वाक्य मी दोनदा वाचले.

तर आता कल्पना करा: दारात १९७८ची पोर्शे, एसीतून फुंकर मारल्याइतकी हवा, आणि पन्नास अंशांचे गाव. जुना वायू भरावा तर तो नव्वदीच्या दशकात इतका महाग झाला की मायामी बंदरातून त्याची चोरटी आयात चाले. जुना वायू हवेत सोडून द्यावा तर अमेरिकेत १ जुलै १९९२पासून तो गुन्हा. राहिला नवा, आर-१३४ए. तो ओझोनला धक्का लावीत नाही. पण त्याचे रेणू लहान, त्यामुळे जुन्या रबरातून तो आणखी झपाट्याने पळतो. जुने तेल त्याला चालत नाही. आणि उन्हात त्याचा दाब जास्त चढतो, म्हणजे उष्णता टाकायला कंडेन्सर मोठा पाहिजे. आणि मोठ्या कंडेन्सरला जागा नाही, हे तर पहिल्या दिवसापासूनचे रडगाणे!

घाईचा गॅरेजवाला तोंडाची जोडणी बदलून नवा वायू भरतो आणि पैसे घेतो. पुढच्या उन्हाळ्यात तो वायू वातावरणात आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात. खरे कसबी लोक वायूपासून सुरुवातच करीत नाहीत. ते आधी विचारतात, उष्णता टाकायची कुठे? मग मागच्या चाकावरच्या पोकळीत, जिथे चिखलाखेरीज कोणी राहत नव्हते, तिथे एक जादा कंडेन्सर बसवतात, त्याला स्वतःचा विजेचा पंखा देतात. इंजिन मंदावले तरी हा पंखा मंदावत नाही. सिग्नलचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. जुन्या जाळ्यांच्या जागी बारीक चपट्या नळ्यांचे कंडेन्सर येतात, कारण तेवढ्याच जागेत ते जास्त उष्णता टाकतात. आतून अस्तर असलेल्या नळ्या गळती कमी करतात. दोन सिलिंडरचा, धडधडणारा, जड यॉर्क कंप्रेसर जातो आणि पाच-सात सिलिंडरचा सँडेन येतो. एवढे झाल्यावर शेवटी वायू. ह्या कामात खर्च किती येतो ते मी एका वाहनकर्जाशी ताडून पाहिले आणि टेबलावरचे पाणी प्यालो.

आर-१३४एचीही बदलीची ऑर्डर आता निघालेली आहे. ओझोनला तो निर्दोष, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत तो चालत नाही, आणि २०१६च्या किगाली करारात त्याचा वापर सगळीकडेच टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले. ओझोन मात्र भरून येतो आहे. शास्त्रज्ञांच्या २०२२च्या अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीला येईल. तेव्हा मी नव्वदीच्या घरात असेन आणि पेन्शनच्या रांगेत ही बातमी वाचीन.

ह्या सगळ्या खटाटोपाला न जुमानणारा एक पंथ आहे. जुन्या गाड्यांच्या स्पर्धा भरतात, आणि तिथे गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. चाकावरचा कंडेन्सर दिसला की गुण गेले, सँडेन दिसला की गुण गेले. म्हणून ह्या पंथाचे लोक यॉर्क कंप्रेसर घासूनपुसून जपतात, झाकणावरचा कंडेन्सर लखलखीत ठेवतात. अशा एखाद्या गाडीशेजारी, भर उन्हात हिरवळीवर, रुमालाने मान पुसत उभा असलेला मालक मला डोळ्यांपुढे दिसतो. तो परीक्षकांना मोठ्या प्रेमाने आतले एसीचे मूळ बटण दाखवतो. ते दाबायचे नसते.