उसनी कॅसेट

७८ फेऱ्यांच्या तबकडीत राग साडेतीन मिनिटांत उरकावा लागे. म्हणजे मीठ वाढून पंगत उठवल्यासारखेच! मैफलीतला तासाभराचा ख्याल टिकला, तो बराचसा रसिकांच्या खासगी टेपांमुळे. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली नि मैफल पिशवीत मावू लागली. केसरबाई केरकर मैफलीत टेप लावू देत नसत. १९७७ साली त्यांचाच सूर व्हॉयेजरमधून अंतराळात गेला! अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक मंडळींनी १९८४ साली टेपवाल्यांना बसायला वेगळी जागाच दिली.

आमच्या खारबावात उसनी दिलेली कॅसेट म्हणजे बुडीत कर्ज. प्रत काढून दिली तर मात्र मुद्दल दोन घरी राहते : एका घरात बुरशी लागली, तरी दुसरीकडे राग शाबूत. दर प्रतीला थोडी खरखर वाढते, पण तेवढे कमिशन कुठली बँक घेत नाही हो?