‘ड्रॅकोनियन’ कायदा म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, एखादा कायदा फार जाचक असला की इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला ‘ड्रॅकोनियन’ म्हणतात. हे विशेषण अथेन्सच्या ड्रॅकोवरून आले. इ. स. पूर्व ६२१ च्या सुमारास त्याने तेथील कायदे प्रथम लिहून काढले. भाजीपाल्याच्या चोरीलाही त्यांत देहदंड होता, असे प्लुटार्क सांगतो. पुढे इ. स. पूर्व ५९४ च्या सुमारास सोलनने मनुष्यवधाचे कायदे तेवढे ठेवून बाकीचे रद्द केले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यापूर्वी कायदा उमरावांच्या तोंडी होता. ड्रॅकोमुळे तो लेखी झाला. लेखी कायदा वाचता येतो, म्हणूनच त्यातला अन्याय दाखवता येतो आणि तो बदलून घेता येतो. पालकहो, मुलामुलींना शिकवायचे ते यासाठीही!