खिळ्यावाचून जहाज

सराफ्यातली जिलबी खाऊन झाली ना? मग हात पुसा आणि चला माझ्याबरोबर. दीड हजार वर्षं मागं जायचंय, तेही थेट खाडीवर.

पहिला हल्ला वासाचा. माशाचं तेल, उकळती राळ, पाण्यात कुजत घातलेली नारळाची सोडणं. माळव्याच्या कोरड्या हवेत वाढलेलं नाक मुठीत धरावं लागतं. हे सोपारा बंदर. पायाखाली चिखल, डोक्यावर ऊन आणि समोर टेकूंवर उभं अर्धं जहाज. ‘सरा, सरा!’ म्हणत चौघं वाफवलेली फळी पळवत आणतात. निवली की वाकायची नाही.

खिळे शोधू नका, एकही सापडणार नाही. फळीला फळी भिडवायची, सांध्यावर काथ्याची वळी दाबायची, वरून सुंभानं टाके घालायचे. एक गडी आत, एक बाहेर. बाहेरच्यानं दोरी भोकातून सारली की आतला फळीला पाय लावून मागं रेलतो. दोरी करकरते. घ्या, टोक तुमच्या हातात! दुसऱ्याच टाक्याला तळवे सोलले ना? तरी ओढा. ढिला टाका समुद्रात महागात पडतो.

असं जहाज बघायचं तर वाट तुमच्या ओळखीची: खंडवा, बऱ्हाणपूर, अजिंठा. दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत ते रंगवलंय, उंच शिडांचं, रांजण लादलेलं. पण दोरी किती आवळायची, हे चित्रातून कसं कळणार? ते कारागिरांच्या हातांनीच जपलं. म्हणून २०२३ साली गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात या चित्रावरून जहाज बांधायला घेतलं, तेव्हा टाके घालायला केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार आले. मला या सगळ्या खटाटोपात त्यांचं मोल सर्वांत मोठं वाटतं. ते जहाज, ‘कौंडिण्य’, २०२५ मध्ये नौदलात आलं आणि पुढे इंजिनावाचून, नुसत्या शिडांवर पोरबंदरहून मस्कतला पोचलं.

तुमचं जहाजही सुटलंय बरं! शीड फडाडतं, पोटात ढवळतं, लाट आदळली की जहाजाचं अख्खं अंग लवतं, पण तडकत नाही. सांध्यांतून पाणी मात्र झिरपतंच. तांडेल तुमच्या हातात लाकडी डोणी कोंबतो: ‘बघत काय बसलात? उपसा!’