घराला रंग देण्याचा हक्क

मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांत चुन्याच्या पिशव्या, निळीच्या पुड्या आणि कुंचे दिसू लागतात. त्याच सुमारास दरवर्षी एक प्रश्नही येतो : "खायची मारामार, आणि भिंती कशाला रंगवता?" पूर्वी हा प्रश्न गावातून यायचा. आता तो आपल्याच शिकल्यासवरल्या मुलांच्या मोबाइलवरून येतो. जयंतीआधीची रंगरंगोटी म्हणजे उधळपट्टी, तेवढ्या पैशांत मुलांना पुस्तके घ्या, असा त्यांचा सल्ला असतो. पुस्तके घ्यायलाच हवीत, त्यावर वाद नाही. पण आमचे म्हणणे असे की या देशात घराची भिंत, घराचे छप्पर आणि घराचा रंग ही कधीच नुसती आवडीनिवडीची बाब नव्हती. कोणी कसे घर बांधायचे हे ठरवलेले होते. ते कोणी ठरवले, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनाच चुना ही उधळपट्टी वाटू शकते.

सहाव्या शतकातली वराहमिहिराची 'बृहत्संहिता' घ्या. त्यातल्या वास्तुविद्येच्या अध्यायात घराची रुंदी वर्णानुसार सांगितली आहे. सर्वात वरच्याला ३२ हात आणि मग खालच्या प्रत्येकाला चार-चार हात कमी, असे करत १६ हातांपर्यंत. अतिहीन म्हणून जे उरतात त्यांना त्याहूनही कमी. ज्या जमिनीवर घर उभे करायचे तिच्या मातीचा रंगसुद्धा वाटून दिलेला आहे : ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. आज वास्तुशास्त्राच्या नावाने स्वयंपाकघराची दिशा बदलायला लावणारे सल्लागार हेच ग्रंथ प्रमाण मानतात, पण हे पान कधी उघडून दाखवत नाहीत.

कोणी म्हणेल, पोथीतले पोथीत राहिले, गावात कोण हात मोजत बसले होते? ठीक आहे, पोथी सोडा. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गावगाड्यातील जगण्यावर जे लिहिले, आणि जे त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापून आले, त्यात गावाने अस्पृश्यांवर लादलेल्या अलिखित कायद्याची यादीच आहे. अस्पृश्यांनी वेगळे राहावे. त्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ. जमीन, गुरे असे धन जमवणे हा गुन्हा. स्वच्छ कपडे घालणे, पायात जोडा घालणे, घड्याळ किंवा सोने वापरणे हा गुन्हा. आणि याच यादीत एक कलम घराचे आहे : अस्पृश्याने कौलारू छपराचे घर बांधणे हा गुन्हा.

हे कलम नीट वाचले पाहिजे. कौलाने कोणाला विटाळ होत नाही. कौल कोणाच्या पाण्याला शिवत नाही. मग मनाई कशाची? मनाई दिसण्याची आहे. गवताचे छप्पर दर पावसाळ्यात गळते, दर उन्हाळ्यात पेटू शकते आणि दुरूनच सांगते की इथे कोण राहते. जो माणूस दरवर्षी छप्पर शाकारण्यात गुंतलेला आहे, तो गावाच्या हाताखालीच राहतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर राहायला सांगून मेलेल्याचे कपडे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. तीच रीत घरालाही लावली गेली : फुटके भांडे, तसे फुटके घर.

आपल्या मराठी गावाचे दोन भाग, 'पांढरी' आणि 'काळी', जुन्या लोकांना माहीत आहेत. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे गावठाण. याच पांढऱ्या मातीने मराठवाड्यात भिंती उठल्या, माळवदे झाकली गेली. गावाच्या सीमेचा वाद झाला की सीमा कुठून जाते याची साक्ष द्यायला महाराला बोलावत. सरकारी निरोप त्यानेच पोचवायचे, मेलेले ढोर त्यानेच ओढायचे. पण ज्या गावाची सीमा तो दाखवायचा, त्या पांढरीच्या आत त्याचे घर नव्हते.

शेणाचेही तसेच. मातीच्या घरात भुई आणि भिंत शेणाने सारवतात, कारण शेणातल्या तंतूंनी मातीला तडे जात नाहीत आणि धूळ बसते. ही साधी कारागिरी आहे. आपल्या आया-आज्यांनी दुसऱ्यांचे गोठे उपसून हे शेण वाहिले. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा तिथल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' करून घेतले. म्हणजे शेण ज्या हातांनी गोळा केले त्या हातांनी पाणी बाटले, आणि त्याच शेणाने ते शुद्ध झाले! यावर आणखी काय बोलावे?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. ज्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता त्या खुणा टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, ते जाड कथलाचे-चांदीचे गोठपाटल्यांचे ओझे उतरवा, असा त्यांचा सांगावा होता. अंगावरची खूण उतरली की घरावरची खूणही उतरवावी लागते. आपल्या वस्त्यांतली रंगरंगोटी आम्ही त्या भाषणाच्या पुढची पायरी मानतो.

पण नुसत्या इच्छेने खूण उतरत नाही, हातात रोख पैसा लागतो. इथे इतिहासात काही गोष्टी आपल्या बाजूने घडल्या, आणि त्या कुठल्या धर्मग्रंथाने घडवल्या नाहीत. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने यंत्रावर कौले काढायला सुरुवात केली. पुढे ही चपटी कौले कोकणात आणि घाटावर पसरली. कारखान्यातल्या कौलाला जात विचारता येत नाही, पैसे मोजले की ते मिळते. बलुत्यावर जगणाऱ्याच्या हाती पैसा नव्हता, धान्य होते, तेही मागून आणलेले. मुंबईची गोदी, रेल्वे, नागपूरची एम्प्रेस मिल, खडकीचा दारूगोळा कारखाना इथे गेलेल्यांच्या हाती पैसा आला आणि तो मनिऑर्डरीने गावी आला. आमच्या मते गावाला खरा धक्का त्या मनिऑर्डरीचा होता. महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने, पण घराच्या छपरावरून ते आधीच सुटायला लागले होते.

चुन्याची गोष्ट मुंबईत वेगळ्या वळणाने आली. १८९६ साली शहरात प्लेग आला. घरे धुऊन काढणे, जंतुनाशके फवारणे आणि भिंतींना चुना मारणे हा सरकारी उपायांचा भाग झाला. चुना जहाल क्षार आहे, त्यात कीड आणि जंतू टिकत नाहीत, तेव्हा उपाय खोटा नव्हता. पण त्याच मोहिमेत गरिबांच्या इमारतींवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवली गेली. अर्थ : माणसाला राहण्यास अयोग्य. घर अयोग्य ठरले, त्यात राहायला लावणारी व्यवस्था मात्र कोणी अयोग्य ठरवली नाही. या प्लेगमधूनच १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने चाळी बांधल्या, आणि परळच्या अशाच एका चाळीत विद्यार्थी भीमराव आणि नंतर बॅरिस्टर आंबेडकर राहिले. दादरला राजगृह बांधून ते तिथे राहायला गेले तोवर हेच त्यांचे घर होते. राजगृहाचे वैशिष्ट्य सगळे ग्रंथालय म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : ज्याच्या समाजाला कौल चढवण्याची मनाई होती, त्याने हिंदू कॉलनीत स्वतःच्या मनासारखे घर बांधून घेतले.

आता निळीकडे येऊ. जुन्या जगात खरा गडद निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या दगडापासून निघे, आणि तो राजेरजवाड्यांना व चर्चनाच परवडे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्स आणि जर्मनीत तोच रंग माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून कृत्रिमरीत्या तयार झाला. राजाचा रंग किराणा दुकानात पुडीत आला. कपड्याला लावायची ती हीच नीळ. चुन्यात चिमूटभर टाकली की चुन्याचा पिवळसरपणा मरतो आणि भिंत अधिक पांढरी दिसते, जास्त टाकली की भिंत निळी होते. हा रंग क्षारात टिकतो. प्रशियन निळ्यासारखे दुसरे निळे चुन्यात मरतात, हा मरत नाही. स्वस्त, सहज मिळणारा आणि चुन्याशी जमणारा दुसरा निळा गरिबाजवळ नव्हताच.

त्या निळ्याला राजकारण मिळाले ते जुलै १९४२ मध्ये, नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले तेव्हा. फेडरेशनचा झेंडा निळा होता. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला, त्यानेही निळाच घेतला. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि घराची आतली बाजूही बदलली. बावीस प्रतिज्ञा घेऊन परतलेल्या माणसांनी देव्हारे काढले, टाक नदी-विहिरीत सोडले. कोनाडे मोकळे झाले, काही बुजवले गेले आणि त्यावरून चुन्याचा हात फिरला. ज्या भिंतीवर काल खंडोबा होता तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पंचांगही बदलले : दसऱ्या-दिवाळीची सफाई धम्मचक्र प्रवर्तन दिनाकडे आणि १४ एप्रिलकडे सरकली.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. चुन्याला ऊन मानवत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी भिंत ओलसर लागते. एप्रिलच्या भर दुपारी कोरड्या भिंतीवर मारलेला चुना दोन महिन्यांत हाताला लागतो. म्हणून आधी पोपडे खरवडा, भिंत पाण्याने भिजवा, सकाळी किंवा उन्हे कलल्यावर पातळ हात द्या, आणि एक वाळल्यावरच दुसरा द्या. जुना डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय चुना धरत नाही. चुना विरवताना डोळे सांभाळा.

आपल्या माणसांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. कर्ज काढून बाहेरून प्लॅस्टिक पेंट आणि आत ओल धरलेली भिंत, हे बरोबर नाही, मुले त्या आतल्या खोलीत झोपतात. खरवडणे, भिजवणे, सामान हलवणे, शेवटी फरशी पुसणे हे सगळे बायकांनी करायचे आणि वरचा शेवटचा हात मारून पोरांनी फोटो काढायचा, हेही थांबवा. तेलरंग घ्यायचा असेल तर डब्यावर शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. हे शिसे सर्वात आधी ज्याच्या छातीत जाते तो नाक्यावर उभा राहणारा, जुना रंग घासणारा पेंटर, आणि त्यांत आपली पोरे किती आहेत ते सकाळी नाक्यावर जाऊन मोजा.

भिंतीवर दुसऱ्याने लिहिणे अजून संपलेले नाही. २०१७ साली राजस्थानच्या दौसा जिल्ह्यात रेशन घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांवर 'मैं गरीब हूँ' अशी अक्षरे सरकारी यंत्रणेने रंगवली. प्लेगच्या 'यू. एच. एच.'नंतर सुमारे एकशे वीस वर्षांनी भाषा तेवढी बदलली.

आम्ही काम करतो त्या एका गावात यंदा सुशोभीकरणाच्या नावाखाली मुख्य रस्त्यावरची सगळी घरे एकाच फिकट रंगात करायचे ठरले आहे. रंग पंचायत देणार. आपल्या वस्तीतली रस्त्याकडेची अकरा घरे त्यात येतात, आणि त्या अकरांच्या भिंती निळ्या आहेत. बाकी गावात देवळाच्या भगव्या कमानीला हा नियम नाही. वस्तीतल्या बायकांनी अर्ज दिला आहे : हा आदेश कोणत्या ठरावाने झाला, त्याची प्रत द्या, आणि कमान त्यातून का वगळली तेही लेखी कळवा. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. चुना भिजत घातला आहे, रविवारी सकाळी सहाला पहिला हात द्यायचा ठरला आहे.